एसएमपीएसला (स्विचिंगवर चालणाऱ्या पॉवर सप्लायला) ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन बसवायचं कसं, आणि काही न जाळता ते तपासायचं कसं

तासगाव रोडला बेदाण्याचं शेड असलेले एक तात्या मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे सांगलीच्या दुकानात आले, एका हातात पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्टचा सप्लाय आणि दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत डीव्हीआर आणि सहा कॅमेरे, सगळे मेलेले. "बाळा, लाईट जास्त आली बघ, सगळं गेलं." मी म्हटलं बघू. सप्लाय उघडला तर फ्यूज चांगला, एमओव्ही (लाईनचा झटका अंगावर घेणारा पार्ट) चांगला, मॉसफेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) चांगला. सिरीज बल्बवर (लाईनमध्ये मधे बल्ब घालून, म्हणजे आत शॉर्ट असला तरी नुसता बल्ब पेटतो) लावला तर चालू पण झाला, आणि आउटपुटला मीटर लावलं तर १९ व्होल्ट! बाहेरून लाईट जास्त आलीच नव्हती, सप्लायनंच आतून जास्त दिलं होतं. आउटपुटचे १६ व्होल्टवाले कंडेन्सर वर टरारून फुगलेले. कारण काय तर टीएल४३१ च्या, म्हणजे आउटपुटवर नजर ठेवणाऱ्या छोट्या आयसीच्या, रेफ पिनला आउटपुटकडून येणारा वरचा छोटा एसएमडी रेझिस्टन्स, त्याच्या एका टोकाला केसाएवढी चीर. भिंगातून बघितल्याशिवाय दिसत पण नव्हती. पाच पैशाच्या मालाने सहा कॅमेरे खाल्ले.

तात्यांनी त्याच्या आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून मेन लाईनला भारीतला स्पाइक गार्ड बसवला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून आधी हे डोक्यात पक्कं करा की ओव्हरव्होल्टेज दोन जागचं असतं. एक इनपुटचं, म्हणजे डीपीवर न्यूट्रल सुटला आणि घरात २३० च्या जागी ४१५ च्या जवळपास आले. २३० चं पीक ३२५ व्होल्ट असतं, ४१५ चं ५८७, आणि मेन कंडेन्सर असतो ४०० किंवा ४५० व्होल्टचा, त्यामुळं तो फुटणारच. तिथं १४डी४७१के सारखा एमओव्ही आणि त्याच्या आधी फ्यूज हवा, एमओव्ही शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचं वाचतं. एमओव्ही क्षणभराचा झटका खातो, तासभर ४१५ अंगावर घेऊन बसत नाही, एवढंच. त्यावर आज जास्त बोलत नाही. आज बोलायचंय दुसऱ्यावर, म्हणजे कंट्रोल सर्किटच बिघडतं आणि सप्लाय स्वतःच लोडला मारतो त्यावर.

सप्लाय १२ वर कसा थांबतो ते थोडक्यात. आउटपुटवर दोन रेझिस्टन्सची विभागणी, मधला पॉइंट टीएल४३१ च्या रेफला, तिथं २.४९५ व्होल्ट आले की टीएल४३१ ओढायला लागतो, पीसी८१७ ऑप्टोचा (आत एलईडी आणि समोर ट्रान्झिस्टर, मधे वायर नाही, नुसता उजेड) एलईडी पेटतो, पलीकडं प्रायमरीला म्हणजे लाईनच्या बाजूला ऑप्टोचा ट्रान्झिस्टर यूसी३८४२ या कंट्रोल आयसीची पिन १ म्हणजे कॉम्प खाली ओढतो आणि पल्स बारीक होतात. आता बघा, या साखळीत कुठलीही कडी तुटली, वरचा रेझिस्टन्स ओपन झाला, टीएल४३१ ओपन झाला, ऑप्टोचा एलईडी म्हातारा होऊन मंद पडला, कुठं ड्राय सोल्डर झालं, तर प्रत्येक वेळी आयसीला वाटतं आउटपुट कमी आहे, आणि तो पूर्ण ताकदीनं ढकलत सुटतो. म्हणजे बिघडलं की बंद पडायचं सोडून हे चढत जातं. व्हीआर (आउटपुट कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टन्स) असलेल्या डब्यात तर व्हीआरचा कार्बन पावसाळ्यात दमट झाला की तेवढं पण पुरतं. अ‍ॅडॅप्टरमध्ये, ज्यात ऑप्टोच नसतो आणि जास्तीच्या वाइंडिंगवरून अंदाजे रेग्युलेशन असतं, तिथं तो प्रायमरीचा छोटा २२ मायक्रोचा कंडेन्सर सुकला की आयसीला व्होल्टेज कमी दिसतं आणि आउटपुट वर जातं. १२ चा अ‍ॅडॅप्टर १५-१६ दाखवतोय असं आलं की मी आधी तोच कंडेन्सर बदलतो.

आता मुख्य मुद्दा. प्रोटेक्शन बसवायचं तर त्याचे डोळे वेगळे पाहिजेत. मी असे सप्लाय बघितलेत की ओव्हीपी (म्हणजे हेच ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन) आहे म्हणून सांगतात आणि ते त्याच टीएल४३१ च्या त्याच रेझिस्टन्सवरून, त्याच ऑप्टोतून जातं. म्हणजे ज्यानं राखायचं तोच बिघडल्यावर ओरडणार कोण, कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. वेगळी विभागणी, वेगळा टीएल४३१, वेगळा ऑप्टो आणि पलीकडं लॅच (एकदा लागला की आपोआप न सुटणारं सर्किट), असंच करायचं. सगळं मिळून सांगलीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहा-भडंगाच्या पैशात येतं.

पुढचं वाचायच्या आधी: प्रायमरीला ३२५ व्होल्ट डीसी असतात, लाईट काढल्यावर पण मेन कंडेन्सरमध्ये राहतात. साधा २३० चा बल्ब दोन वायरीनं कंडेन्सरला लावून डिस्चार्ज करा आणि मीटरनं बघूनच हात घाला. ज्यांनी सप्लाय कधी उघडलाच नाही त्यांनी हे आधी कुणाच्या तरी शेजारी बसून करावं, मी पण तसंच शिकलोय.

सेकंडरीची म्हणजे आउटपुटची बाजू. आउटपुट प्लसपासून ४७ के, खाली १० के ग्राउंडला, मधून टीएल४३१ ची रेफ. हिशोब सोपा आहे, २.४९५ गुणिले १ अधिक ४७ भागिले १०, म्हणजे १४.२ व्होल्ट. रेझिस्टन्स १ टक्केवाले मेटल फिल्मच घ्या, निळे. कॅथोडला पीसी८१७ च्या एलईडीचं मायनस टोक, एलईडीचं प्लस टोक १ के मधून आउटपुट प्लसला. आणि एलईडीच्या दोन पायांमध्ये समांतर अजून एक १ के लावा, हा बहुतेक जण विसरतात. टीएल४३१ पूर्ण सुरू व्हायच्या आधीच थोडा थोडा करंट ओढतो, तेवढ्यानं ऑप्टो अर्धवट पेटून सप्लाय उगाच ट्रिप होऊ शकतो, समांतर १ के लावला की पहिला एक-सव्वा मिलीअँपिअर तो पिऊन टाकतो. १४.२ ला टीएल४३१ पूर्ण ओढला की एलईडीला १० मिलीअँपिअरच्या आसपास मिळतात, भरपूर झाले. रेफपासून ग्राउंडला १० नॅनोचा कंडेन्सर, स्विचिंगच्या सुईसारख्या स्पाइकवर ट्रिप होऊ नये म्हणून. इथं मोठा लावू नका, का ते पुढं येतंय.

झेनर लावून पण होतं, १३ चा झेनर, त्याच्यासोबत सिरीजला ऑप्टोचा एलईडी आणि २२० ओहम. स्वस्त आहे, पण ५ टक्केवाला १३ चा झेनर १२.३५ ते १३.६५ कुठं पण असू शकतो, वर एलईडीचे १.२, त्यामुळं ट्रिप १३.६ पासून १५ पर्यंत कुठं पण. घरच्या कामाला चालेल, गिऱ्हाइकाच्या सप्लायला मी टीएल४३१ च लावतो.

१४.२ च का? नॉर्मलच्या १०-२० टक्के वर ठेवायचं असा अंदाज. फार जवळ ठेवलं तर रिले सुटताना, मोटर बंद होताना उगाच ट्रिप होणार. फार लांब ठेवलं तर १६ चे कंडेन्सर फुगणार. कॉम्प्युटरच्या एटीएक्स सप्लायच्या डिझाइन गाइडमध्ये १२ च्या लाइनला ट्रिप १३.४ ते १५.६ मध्ये सांगितलीय, ५ च्या लाइनला ५.७४ ते ७, आणि ३.३ ला ३.७६ ते ४.३, म्हणजे आपण मधेच बसतोय.

प्रायमरीची बाजू जरा मजेदार आहे. नुसता ऑप्टो पिन १ ला जोडला तर काय होतं, आउटपुट १४.२ ला गेलं की पल्स थांबतात, आउटपुट खाली येतं, ऑप्टो सोडतो, परत वर. सप्लाय १४.२ चाच रेग्युलेटर होऊन बसतो आणि कुणाला कळत पण नाही की काहीतरी बिघडलंय. म्हणून एकदा ट्रिप झालं की लाईट काढून परत लावेपर्यंत मेलेलं राहिलं पाहिजे, ते काम लॅचचं. काही जण लॅच फक्त पिन १ ला लावतात, तेव्हा ३८४२ चा व्हीसीसी (पिन ७ वर येणारा आयसीचा स्वतःचा सप्लाय) १० च्या खाली आला की आयसी झोपतो, त्याच्या सोबत लॅचचा करंट जातो, मग स्टार्टअप रेझिस्टन्समधून व्हीसीसी परत १६ ला चढतो आणि परत एक धक्का. टिक... टिक... टिक, प्रत्येक टिकला लोडला १४ चा रट्टा.

मी लॅच व्हीसीसीवरच बसवतो. एक पीएनपी २एन२९०७, एक एनपीएन २एन२२२२. पीएनपीचा एमिटर ४७ ओहममधून पिन ७ ला. पीएनपीचा कलेक्टर एनपीएनच्या बेसला, एनपीएनचा कलेक्टर पीएनपीच्या बेसला, एनपीएनचा एमिटर प्रायमरी ग्राउंडला, म्हणजे पिन ५. दोघांच्या बेस-एमिटरला १०-१० के, आणि एनपीएनच्या बेस-एमिटरला एक १० नॅनो. ऑप्टोच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ४.७ के मधून पिन ७ ला आणि एमिटर एनपीएनच्या बेसला. एकानं दुसऱ्याला धरलं की सुटत नाहीत, लग्नात गाठ मारल्यासारखं. स्टार्टअप रेझिस्टन्स ३३० के असेल तर त्यातून पाऊण ते एक मिलीअँपिअर येतच राहतो आणि तेवढ्यावर ही जोडी धरून राहते, व्हीसीसी चढू देत नाही, खरा लॅच. बीसी५४७ आणि बीसी५५७ लावू नका असं नाही, पण व्हीसीसीचा कंडेन्सर एकदम रिकामा होताना ४७ ओहममधून ३०० मिलीअँपिअरचा झटका येतो आणि ती १०० मिलीअँपिअरची पोरं आहेत, २२२२ ला काही होत नाही.

पण व्हीसीसी रिकामा व्हायला वेळ लागतो, ४७ मायक्रो आणि ४७ ओहम म्हणजे १५ वरून १० ला यायला एक मिलिसेकंदाच्या आसपास, आणि तोपर्यंत मॉसफेट ठोकतच असतो. आता हलक्या लोडला ८० वॉटनं २००० मायक्रोचा कंडेन्सर १४.२ वरून १६ ला न्यायला किती वेळ लागतो काढून बघा, पाऊण मिलिसेकंद पण नाही. म्हणजे आपण हरलो. म्हणून एक १एन४१४८ डायोड घ्यायचा, अ‍ॅनोड पिन १ ला, पट्टीचं टोक म्हणजे कॅथोड एनपीएनच्या कलेक्टरला. नॉर्मलला तो कलेक्टर व्हीसीसीएवढा वर असतो म्हणून डायोड उलटा, काही करत नाही. लॅच लागला की कलेक्टर जवळपास ग्राउंडला, पिन १ ओढली जाते ०.७ ला, ३८४२ ला दोन डायोडच्या ड्रॉपखाली कॉम्प गेला की पल्स शून्य, म्हणजे स्विचिंग लगेच बंद, व्हीसीसी मग सावकाश मरू दे. एका रुपयाचा डायोड, पण सगळा खेळ त्याच्यावर. आणि रेफवरचा कंडेन्सर १० नॅनोचाच ठेवा म्हटलं ते याच्यासाठी, तिथं १ मायक्रो लावला की आठ मिलिसेकंद उशीर, मग डायोड लावून तरी काय उपयोग.

ऑप्टो बोर्डवर लावताना प्रायमरी-सेकंडरीच्या मधल्या मोकळ्या पट्टीवर आडवा लावा, जिथं आधीचा ऑप्टो आहे त्याच्या रांगेत. त्या पट्टीवरून वायर टाकून दोन्ही बाजू जवळ आणू नका, ती जागा माणसाचा जीव वाचवायला सोडलेली असते, डिझाइनवाल्याला काम नव्हतं म्हणून नाही.

आता तपासणी, खरं सांगायचं तर यासाठीच लिहायला बसलो. बहुतेक जण सर्किट लावतात, सप्लाय चालू होतो, १२ दाखवतो, देऊन टाकतात. १२ दाखवतो म्हणजे ओव्हीपी चालतं असं थोडीच आहे. पहिली तपासणी लाईट न लावता करायची. मेन कंडेन्सर रिकामा. बेंच सप्लाय, शून्य ते ३० वाला, आउटपुटच्या टर्मिनलला जोडा, करंट लिमिट २०० मिलीअँपिअर. प्रायमरीला पिन ७ आणि पिन ५ मध्ये १८ व्होल्ट द्या, लिमिट ५० मिलीअँपिअर. दुसरा बेंच सप्लाय नसेल तर ९ व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि १०० ओहम, चालतं. १८ का, तर ३८४२ ला उठायला १६ च्या वर लागतं, १५ देऊन "आयसी गेला" म्हणून तीन आयसी बदललेला माणूस मला माहिती आहे, आरशात रोज भेटतो.

आता मीटर पिन ८ वर (आयसी जागा असला की तिथं त्याचा रेफरन्स असतो) ठेवा, ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आउटपुटला १२ पासून हळू हळू चढवत जा, १३, १३.५, १४. पिन ६ वरचे पल्स बघू नका, कारण १२ च्या वर गेलं की नॉर्मल फीडबॅकच पल्स बंद करतो आणि तुम्हाला वाटतं ओव्हीपी लागलं. पिन ८ च बघा. १४.२ च्या आसपास ती एकदम शून्यावर पडली पाहिजे, आणि बेंच सप्लायवर असाल तर व्हीसीसी ३ व्होल्टच्या जवळपास बसला पाहिजे. मग आउटपुट परत १२ वर आणा. पिन ८ परत ५ झाली तर लॅच लागलेला नाही, ट्रान्झिस्टरचे पाय बघा, २२२२ आणि २९०७ चे पाय कंपनीप्रमाणं उलटेपालटे निघतात, मीटरवर तपासूनच लावा. पिन ८ मेलेलीच राहिली तर बरोबर. १८ व्होल्ट काढून परत लावले की जिवंत. आणि १५ च्या वर चढवू नका, ट्रिप झालं नाही तर थांबा आणि शोधा, तिथं १६ चे कंडेन्सर आहेत.

हे जमलं की लाईटवर. १०० वॉटचा सिरीज बल्ब, आउटपुटला २२० ओहम २ वॉटचा रेझिस्टन्स, बाकी काही नाही, गिऱ्हाइकाचा डीव्हीआर तर लांबच. जुन्या फीडबॅक ऑप्टोच्या एलईडीच्या दोन पायांना, म्हणजे पिन १ आणि २ ला, आधीच दोन वायरी सोल्डर करून एक बेलचं बटण लावून ठेवा, सेकंडरीची बाजू आहे ही. लाईट चालू, १२ आले, बटण दाबा. एलईडी विझला म्हणजे फीडबॅक मेला, सप्लाय वर पळायला लागतो, आणि ओव्हीपीनं त्याला पकडायचंय. मीटर हळू असतं, त्याला पीक दिसत नाही, म्हणून आउटपुटला १एन४१४८ मधून १ मायक्रोचा कंडेन्सर भरा आणि मीटर त्या कंडेन्सरवर ठेवा, दिसेल त्यात ०.६ मिळवा, ते पीक. तात्यांच्या सप्लायला मला १४.१ दिसले, म्हणजे १४.७ पर्यंत जाऊन मेला. १६ च्या आत, पास. मग बल्ब काढून थेट लाईटवर अजून एकदा, कारण सिरीज बल्ब सप्लायचा जोर कमी करतो आणि खोटा आत्मविश्वास देतो. मग गाडीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब लोडला लावून अर्धा तास चालवा, उगाच ट्रिप होतोय का बघायला.

वरून अजून कमरेला दोरी पाहिजे असेल तर आउटपुटला पी६केई१५ए टीव्हीएस डायोड लावा. तो १४.३ ते १५.८ मध्ये वाहायला लागतो, पण मोठ्या झटक्याला २१ पर्यंत जाऊ देतो, त्यामुळं एकटा त्याच्यावर विसंबू नका. ओव्हीपी चुकलाच तर टीव्हीएस बहुधा शॉर्ट होऊन स्वतः मरतो आणि लोड वाचवतो. एससीआर लावून क्रोबार (जास्त झालं की आउटपुटच शॉर्ट करून टाकणं) करतात, बीटी१५१ वगैरे, ते पण चांगलं, पण जिथं आउटपुटला बॅटरी जोडलेली आहे, यूपीएसवाले डबे, तिथं बॅटरीच्या लाइनला फ्यूज नसताना क्रोबार लावलात तर बॅटरी सगळी एससीआरमधून रिकामी होते आणि एससीआरच्या जागी बोर्डाला भोक राहतं. जुने टीएल४९४ वाले सप्लाय असतील तर लॅचनं पिन ४ वर ओढायची, खाली नाही, डेड टाइमची पिन आहे ती, वर गेली की पल्स बंद.

तात्यांचा सप्लाय देऊन महिना झाला नसेल, फोन. "बाळा, तुझं ते ओव्ही का काय ते बिघडलं, रात्री आपोआप बंद होतंय." गेलो शेडवर. मीटर लावलं तर १३.९. म्हटलं तात्या, हे कुणी वाढवलं? तर म्हणे मागच्या गेटचा कॅमेरा रात्री काळा दिसतोय म्हणून पोरानं स्क्रू ड्रायव्हरनं व्हीआर फिरवला. मागचं गेट डब्यापासून साठ-सत्तर मीटर, बारीक वायर, रात्री कॅमेऱ्याचे आयआर (अंधारात बघायचे) एलईडी लागले की करंट वाढतो आणि वायरमध्येच व्होल्ट जातात. मग डब्यात वाढवलं, आणि फॅन सुरू-बंद झाला की १४.२ ला टेकायचं. व्हीआर परत १२.१ ला आणला, त्याच्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकला, आणि मागच्या गेटला जाड वायर ओढली. तात्यांनी जाताना किलोभर बेदाणे दिले, वायरचे पैसे अजून यायचेत.